पडद्याआडून दिलेला लुकमा

जुम्म्याच्या सकाळी अम्मीने फ्रिजच्या दारावर लिहून ठेवलं होतं: 'वाजिदचा खत्म. असरनंतर. सगळ्यांनी वेळेत अंघोळी.' वाजिदचं सगळं कुराण पाठ झालं होतं, ते आज पाहुण्यांसमोर ऐकवायचं होतं. वर कोपऱ्यात तारीख, अर्थातच हिजरी. यूसुफ मुकादमांच्या घरात दुसऱ्या तारखेला मानच नव्हता. वह्यांवर हिजरी, औषधाची बाटली कधी उघडली ते हिजरी, मुलांची वयंसुद्धा त्याच मोजणीने. सिव्हिल आयडीवर सतरा वर्षांची असलेली फिजा घरात केव्हाच अठराची होऊन गेली होती.

फ्रिजचं दार हाच या घराचा फळा. आखाती देशातल्या फहाहीलच्या बाजारामागच्या त्या तीन खोल्यांत शाळा कधी भरते नि कधी सुटते, हे शेजाऱ्यांना कधी कळलं नाही. पहाटे फज्रच्या नमाजेनंतर कुराण, नाश्त्यानंतर फळ्यावर गणित, दुपारी उर्दू आणि इंग्रजी. मधेच कुणी दूध काढायला दार उघडलं की अर्धा भागाकार भिंतीकडे तोंड करून उभा. खऱ्या शाळेत एकटा थोरला तौफीक गेला होता, तोही तिसरीपर्यंत. मग अब्बांनी त्याला काढला, आणि त्याच्या मागच्या दहा जणांपैकी कुणाचंच नाव कुठल्या हजेरीपटावर चढलं नाही.

अकरा मुलांना एक आई किती पुरणार? म्हणून अब्बांनी साखळी लावून दिली. प्रत्येकाला एक वरचा आणि एक खालचा. वरच्याकडून शिकायचं, खालच्याला शिकवायचं. नियम दोनच. चुकलं तर खोडाखोड नाही. नवं पान घ्यायचं आणि पहिल्यापासून लिहायचं. आणि खालच्याची चूक ऐकून वरचा गप्प बसला, तर ती चूक वरच्याची. साखळी छान चालली. पण तौफीक पंधराव्या वर्षी अब्बांबरोबर अर्दियाच्या गोदामात जायला लागला, दोन वर्षांपूर्वी त्याच्या पाठची लुबना लग्न होऊन श्रीवर्धनला गेली, आणि फिजाच्या लक्षात आलं की आपल्या खाली शिकायच्या वयाचे सहा जण आहेत आणि वर कोणीच नाही.

ही गोष्ट घरात दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आली नाही, याचाच तिला खरा राग होता.

*

दुपारी स्वयंपाकघरात सांदणांची वाफ कोंदली होती. फखरुन्निसा फुफू, अब्बांची थोरली बहीण, आठ दिवसांपूर्वी व्हिजिटवर आली होती आणि आल्या दिवसापासून तिने चुलीचा ताबा घेतला होता. वाट्या पालथ्या घालता घालता तिने फिजाकडे बघितलं. फिजा तांदळाच्या डब्याखालून काहीतरी ओढून परत सारत होती.

"काय गो तां? कवाधरना बघतंय मी. डब्याखाली काय अंडा घातलंस?"

फिजाने दाराकडे बघून घेतलं आणि कागद बाहेर काढले. "फॉर्म आहे फुफू. मुक्त विद्यालयाच्या दहावीचा. शाळेत न जाता परीक्षेला बसता येतं."

"मंग बस की."

"अब्बांची सही लागते. रविवारी दुपारी बारापर्यंत केंद्रात द्यायचाय. पहिल्या साली म्हणाले, लुबनाचं लग्न उरकू दे. दुसऱ्या साली म्हणाले, पुढल्या साली बघू. या साली विचारलं तर वर्तमानपत्रातून मानच वर केली नाही."

फुफूने कागद हातात घेऊन उलटसुलट केले. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मोजता येत होतं. "दोन दोन कशाला?"

"एक चुकेल."

हाच प्रश्न वरच्या मजल्यावरच्या सुनेत्राताईंनीही विचारला होता. त्यांनीच ऑफिसातून फॉर्म छापून आणले होते, आणि त्यांच्या प्रसन्नची जुनी पुस्तकं फिजाने गेली दोन वर्षं गाद्यांच्या चळतीत दडवून, एकेक करून संपवली होती. प्रकाशाचं परावर्तन तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते ती स्टीलच्या ताटाकडे बघून शिकली.

"मुझफ्फरचाचा बोलणार आहेत अब्बांशी," फिजा म्हणाली. "त्यांनी कबूल केलंय. त्यांची मुलं शाळेतच जातात ना."

"मुझफ्फर?" फुफू नाकातून हसली. "तो माजा भाव हाय, मना नको सांगू."

अम्मी दारात उभी होती. कडेवर सगळ्यांत धाकटा, खांद्यावर त्याची झोप. तिने कागद बघितले, नणंदेला बघितलं, आणि पडद्याची चादर घेऊन निघून गेली. बिल्कीस मुकादम या बाईने गेल्या चोवीस वर्षांत नवऱ्याच्या शब्दापुढे शब्द ठेवलेला कुणी ऐकला नव्हता. ठेवायला वेळच नव्हता, असं फिजाला हल्ली वाटे.

*

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर हॉल माणसांनी भरला. मधे दोरीवर निळी चादर. पलीकडे पुरुष, अलीकडे बायका आणि पोरं. मधल्या फटीतून फिजाला वाजिदची पाठ आणि गुडघे दिसत होते. तेरा वर्षांचा वाजिद नवी टोपी घालून ताठ बसला होता. समोर हाफिज अशरफ साहेब. कंपनीत नोकरी करून गेली वीस वर्षं फहाहीलच्या कोकणी मुलांना कुराण शिकवणारा माणूस. दाढी पांढरी, नजर खाली, कान मात्र एकही जबर-जेर, एकही काना-मात्रा निसटू न देणारे.

अब्बा आज खुशीत होते. शेजारपाजारची कोकणातली सात-आठ माणसं बोलावली होती. त्यांच्यासमोर ते म्हणाले, "आमच्या पोरांना कुठली शाळा नाय की मदरसा नाय. जे काय हाय ते या चार भिंतींतलं. वाजिदला मी स्वतः बसवलाय. हाफिजसाहेब, जिथून पाहिजे तिथून विचारा."

चादरीअलीकडे फिजाने मान वर केली. मी स्वतः? पहिली दोन वर्षं खरी होती. त्यानंतर गोदाम वाढलं, अब्बांचं येणं रात्रीवर गेलं, आणि पुढची तीन वर्षं रोज पहाटे वाजिदसमोर कोण बसत होतं ते या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. सबक, म्हणजे रोजचा नवा धडा, तिनेच दिला, जुनं तिनेच ऐकलं. ऐकता ऐकता कुराणाचे पारे, म्हणजे तीस भाग, तिच्याही तोंडी बसत गेले. वाजिद अठराव्या पाऱ्यावर होता तेव्हा ती विसाव्यावर होती. तिने ते कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

हाफिजसाहेबांनी पाच ठिकाणांहून ऐकायचं ठरवलं. ते एक आयत, म्हणजे एक वचन म्हणत, पुढचं वाजिद उचलायचा. चार ठिकाणं त्याने सफाईने पार केली. पाचवं आराफ सूरेतलं, म्हणजे त्या नावाच्या अध्यायातलं आलं, पैगंबर मूसा अलैहिस्सलाम आणि त्यांच्या लोकांची हकीकत. फिजाने हातातला पदर घट्ट धरला. ही जागा तिला माहीत होती. हीच हकीकत बकरा सूरेतही येते, जवळजवळ त्याच शब्दांत. थोडेच शब्द इकडचे तिकडे. पाठ करणारा भला भला इथे एका सूरेतून निघून दुसऱ्या सूरेत जाऊन पोचतो आणि त्याचं त्यालाही कळत नाही. वाजिदला तिने हे वळण चाळीस वेळा घोटून घेतलं होतं.

वाजिदचे गुडघे हलायला लागले. त्याचा वेग वाढला. हा पोरगा शंका आली की थांबत नाही, पळतो. आणि पळता पळता तो आराफमधून सरळ बकरात शिरला.

फिजा थांबली. पलीकडे हाफिजसाहेब बसले आहेत, ते थांबवतीलच. हाफिजसाहेबांनी थांबवलं नाही. त्यांनी नजर वर केली आणि अब्बांकडे बघितलं. अब्बा डोळे मिटून डुलत होते, "सुब्हानअल्लाह, सुब्हानअल्लाह" चाललं होतं. वाजिद तसाच पुढे निघाला, चुकीच्या सूरेतून, खणखणीत आवाजात.

पढणारा चुकला तर ऐकणाऱ्याने बरोबर शब्द पुढे करायचा, त्याला लुकमा देणं म्हणतात. पुरुषांच्या मजलिशीत बाईने आवाज करायचा नाही, हेही या घरातच शिकवलेलं. फिजाने तीन शब्द वाट बघितली. मग तिला तो दुसरा नियम आठवला. ऐकून गप्प बसलेल्याची चूक.

तिने चादरीआडून बरोबर शब्द म्हटला. मोठ्याने, स्पष्ट, प्रत्येक अक्षर त्याच्या जागेवरून.

वाजिद जागच्या जागी थांबला. एक श्वास घेतला, तिचा शब्द उचलला आणि आराफमध्ये परत आला. शेवटपर्यंत मग तो कुठेही हलला नाही. पण ते कुणी ऐकत नव्हतं. सगळी माणसं चादरीकडे बघत होती, आणि अब्बांचे डोळे उघडले होते.

"कोण ती?" मुझफ्फरचाचा पुटपुटले. "एवढ्या माणसांत?"

"कुराण दुरुस्त केलंन मुझफ्फरमियाँ, गाणा नाय म्हटलंन," हाफिजसाहेब म्हणाले. मग ते अब्बांकडे वळले. आवाज मऊच होता. "यूसुफभाई, चूक मी पहिल्या शब्दाला ऐकली. मुद्दाम गप्प राहिलो. म्हटलं, उस्ताद थांबवतो का बघू. उस्तादाने थांबवलं. फक्त उस्ताद पडद्याच्या या बाजूला नव्हता."

 हाफिजसाहेबांनी चादरीकडे तोंड केलं, नजर खालीच ठेवून. "बेटी, तुला किती पारे याद आहेत?"

 आता बोलायची फिजालाच भीती वाटली. पण सहा वर्षांच्या युसराला अशा भीतीची ओळख नव्हती. ती फुफूच्या मांडीवरून ओरडली, "पूरा! फिजाबाजीला पूरा कुराण येतो! ती कपडे वाळत घालताना पण म्हणते!"

"पूरा?" हाफिजसाहेबांनी हळूच विचारलं. "आणि कुणी ऐकलाय तो?"

"कुणी नाही," फिजा म्हणाली.

*

पाहुणे सांदणं खाऊन लवकर उठले. अशा वेळी माणसांना घरची कामं आठवतात. मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजेच्या आधीच घरात घरचीच उरली. मुझफ्फरचाचा चपलांपाशी घुटमळत होते, तेवढ्यात अब्बांनी चादर एका हिसक्याने खाली ओढली.

"कुणी सांगितला होता तोंड उघडायला?"

"तुम्ही," फिजा म्हणाली. "खालचा चुकला आणि वरचा गप्प राहिला, तर चूक वरच्याची. तुम्हीच शिकवलंय."

"मना नियम शिकवू नको! सात माणसांसमोर माजी काय राहिली? आता बाजारभर होईल, यूसुफ खोटा बोल्ला."

"मग खोटं कशाला बोललात?"

तौफीकने हातातला ग्लास खाली ठेवला. या घरात असं वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि बोलून झाल्यावर छत अजून जागेवर आहे हे बघून फिजाला स्वतःलाच नवल वाटलं.   तांदळाच्या डब्याखालचा फॉर्म तिने आणला आणि अब्बांसमोर सतरंजीवर ठेवला.

"मला दहावीला बसायचंय, अब्बा. रविवारी बारापर्यंत मुदत आहे. सही करा."

"कागद!" अब्बा म्हणाले. "कागदाने काय होतं ते मना म्हायत हाय. मी होतो हॉस्टेलात. अकरावी-बारावी महाडला. बाप माजा मचव्यावर तांडेल. त्याच्या कपड्यांना मासळीचा वास येतो म्हणून पोरांसमोर मी त्याला ओळख दाखवली नाय. तो गेला तेव्हा घरी आलो, तर मय्यतीची नमाज येत नव्हती मना. सख्ख्या बापाची! पुढल्या माणसाकडे बघून नुसते ओठ हलवले मी. त्या दिवशी कसम खाल्ली, माज्या पोरांचं असं होऊ द्यायचं नाय."

ही हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती, तरी दर वेळी तिथे येऊन अब्बांचा आवाज फाटायचा. आजही फाटला. फिजाचं अब्बांवर प्रेम होतं. तीच तर सगळी अडचण होती.

"झालं नाही तसं," ती म्हणाली. "मला मय्यतीची नमाज येते. पूर्ण कुराण येतं. तुमची कसम पुरी झाली, अब्बा. तुम्हाला शरम वाटली ती तुमची होती. ती मला का भरायला लावता?"

"चाचा," ती मुझफ्फरचाचांकडे वळली. "तुम्ही बोलणार होता ना?"

मुझफ्फरचाचांनी एक चप्पल घातली. "भाई म्हणतात त्यातही काही चूक नाही बेटा. थोडा सबर कर. पुढच्या साली..." दुसरी चप्पल सापडली आणि ते गेले. फुफूने फिजाकडे बघून नुसती भुवई उडवली.

अब्बा सतरंजीवर बसले. आवाज खाली आला होता, त्यामुळेच बहुधा खरी गोष्ट बाहेर पडली. "तू त्या परीक्षेच्या मागे लागलीस, की या सहा जणांचं कोण बघणार?"



"हां," फुफू म्हणाली. "आता खरा बोल्लास, यूसुफ. बापाची मय्यत कशाला मधी आणलंस? सीधा सांग ना, पोरगी गेली तर घर चालत नाय."

फिजाने फॉर्म उचलून घडी घातली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, चांगला पोटातून आलेला.

"मग ऐका. उद्यापासून मी फळ्याला हात लावणार नाही. माझ्या वर कुणी नसेल तर माझ्या खालीही कुणी नाही."

*

शनिवारी गोदामाला सुट्टी होती. अब्बांनी फज्रनंतर स्वतः मार्कर हातात घेतला आणि सहाही जणांना फ्रिजसमोर बसवलं. फिजा बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. पहिला अर्धा तास बरा गेला. मग वाजिदने वही पुढे केली: तीन चतुर्थांशाला दोन पंचमांशाने भागायचं, कसं?

अब्बांनी दारावर उदाहरण मांडलं. पुसलं. परत मांडलं. तेवढ्यात आठ वर्षांच्या मुनीबाला पाणी हवं झालं, दार उघडलं, आणि तीन चतुर्थांश भिंतीकडे गेले.

"बिल्कीस! जरा बघ यांना."

अम्मी मांडीवरच्याला भरवत होती. तिने मान वर केली नाही. "माजी सातवी झालीय, तुमाला म्हायतीच हाय. युसराला बाराखडी शिकवू शकते. त्याच्या वरचा माज्याने होत नाय."

"मंग इतकी सालं?"

"इतकी सालं फिजाने केला. तुमी विचारलाच नाय, म्हणून मी बोल्ले नाय." तिने चमचा वाटीत ठेवला आणि मग, चोवीस वर्षांचा हिशेब एकदम चुकता करावा तशी, पुढे म्हणाली, "काल ती बोल्ली तवा मना लय बरा वाटला."

बाल्कनीत फिजाच्या हातातला चिमटा खाली पडला. तिसऱ्या मजल्यावरून तो थेट रस्त्यावर गेला असणार. तिने वाकून बघितलंही नाही.

"तौफीक," अब्बा म्हणाले. आता त्यात हुकूम कमी होता. "तू ये. भागाकार तरी सांग."

तौफीक सोफ्यावर लोळत होता. तेवीस वर्षांचा दणकट माणूस, गोदामाचा अर्धा भार त्याच्यावर. तो उठून बसला. "मला येत नाही, अब्बा. लुबनाला मी शिकवलं ते पाचवीपर्यंतचं. पुढचं लुबनाने स्वतःच्या डोक्याने केलं आणि फिजाने तिच्याहून पुढचं. मी गोदामात होतो." तो थोडा थांबला. "रोज तुमच्या शेजारी गाडीत बसून अर्दियाला जातो ना मी. मला गाडी चालवता येते, गोदामाच्या अंगणात तुम्हीच शिकवलीत. पण इथे परदेशी माणसाला लायसन्ससाठी डिग्री मागतात. दहावीचाच कागद नाही तर डिग्री कुठून आणू? मी म्हातारा होईपर्यंत तुम्हीच मला सोडायला येणार आहात का?"

तो भांडत नव्हता. सरळ विचारत होता. अब्बांनी मार्करला टोपण लावलं आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते, तरी नळ बराच वेळ वाहत राहिला.

दुपारी तौफीक बाल्कनीत आला. घरातल्या सगळ्यांच्या इकाम्याची, म्हणजे रहिवासी परवान्याची, आणि आयडीची फाइल त्याच्याकडेच असे. त्याने फिजाच्या हातात एक लिफाफा ठेवला. "तुझ्या आणि अब्बांच्या सिव्हिल आयडीच्या झेरॉक्स. उद्या केंद्रात लागतील."

"सही नाही अजून."

"तरी असू दे," तो म्हणाला.

*

रविवारी फज्रनंतर कुणी परत झोपलं नाही. फिजा अंगावर अबाया चढवून, लिफाफा काखेत धरून तयार होती. सही झाली तर झाली, नाही तर बिनसहीचा फॉर्म घेऊन केंद्रात जायचं आणि तिथल्या माणसाशी भांडायचं, असं तिने ठरवलं होतं. तौफीक टॅक्सी बघणार होता. फुफूने तर सोबत यायला स्कार्फही बांधला होता.

हॉलमध्ये आली तर अब्बा सतरंजीवर बसलेले. समोर रेहल या लाकडी घडवंचीवर कुराण उघडं, पहिल्या पानावर. गोदामात जायचे कपडे घातलेले नव्हते.

"बस," ते म्हणाले. "मी ऐकतो. पहिल्यापासून. कितीही दिवस लागू दे. कुणी ऐकला नाय म्हणालीस ना? तां मना लागला."

 तीन वर्षं फिजा या सतरंजीच्या या टोकाला बसून वाजिदचं ऐकत आली होती आणि रोज तिला वाटायचं, कुणीतरी एकदा मला समोर बसवावं. आता बसायला सांगणारा खुद्द बाप होता. तिचे गुडघे जवळजवळ वाकले.

जवळजवळच. तिने लिफाफ्यातून फॉर्म काढला आणि रेहलपासून हातभर दूर, सतरंजीवर ठेवला. वर पेन.

"आधी सही."

अब्बांनी मान वर केली. "कुराण ऐकवायला अट घालतंस?"

"नाही अब्बा. कुराण मी रोज ऐकवीन तुम्हाला, म्हणाल तेव्हा. पण फॉर्म आज बारापर्यंतच आहे. कुराणाला शेवटची तारीख नाही."

दारात अम्मी होती. तिच्या मागे वाजिद, त्याच्या मागे बाकीची उतरंड. फुफू खुर्चीत. सगळी कुणाच्या बाजूला उभी आहेत हे दिसत होतं. दोन दिवसांपूर्वी ही सगळी माणसं अब्बांची होती. अब्बांनी एकेकाकडे बघितलं. शेवटी अम्मीकडे. अम्मीने नजर खाली घातली नाही.

"आणि हे सहा?" त्यांनी विचारलं.

"सकाळचे दोन तास मी शिकवीन. कुराणाचं तुम्ही बघा, पूर्वीसारखं. बाकीच्याला सुनेत्राताईंच्या ओळखीची शिकवणी लावा. पुढच्या साली वाजिद बसेल परीक्षेला. आणि भाईसुद्धा."

"मी?" तौफीक म्हणाला.

"तू," फिजा म्हणाली.

अब्बांनी पेन उचललं. पालकाचं नाव, नातं, सही. लिहिताना ते ओठ हलवत होते. सही झाली, खाली तारीख घातली, आणि फॉर्म तिच्याकडे सरकवून त्यांनी कुराणाकडे हात नेला. झालं, असा त्यांचा चेहरा होता. फुफूने "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून टाकलंही.

फिजाने फॉर्म उचलून बघितला. तारखेच्या चौकटीत अब्बांनी सवयीने हिजरी महिना आणि हिजरी साल घातलं होतं, सुंदर अक्षरात.

क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे. इतकं घडलंय, त्यात आता हे कशाला. केंद्रात विनवण्या करता येतील. पण चूक तिने बघितली होती, आणि बघून गप्प बसली तर ती तिची होणार होती.

"चुकलं, अब्बा."

"कुठे?"

तिने बोट ठेवलं. अब्बांनी चष्मा वर सारून बघितलं, "हात्तिच्या" म्हणाले आणि तारखेवर काट मारायला पेन टेकवणार, तेवढ्यात तिने फॉर्म मागे ओढला.

"खोडायचं नाही." तिने लिफाफ्यातून दुसरी प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली. "नवं पान. पहिल्यापासून."

 मागे फुफू तोंडाला स्कार्फ लावून हसत होती, तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मग अब्बांनी पेन परत नीट धरलं, सतरंजीवर पुढे सरकले, आणि पोरं सबकला बसतात तसे मांडी घालून कागदावर वाकले.

"आज त्यांची तारीख कुठली?" त्यांनी विचारलं.

घरात ती कुणालाच चटकन सांगता आली नाही. तौफीकने खिशातून फोन काढून वाचून दाखवली. अब्बा एकेक आकडा लिहीत गेले आणि फिजा त्यांच्या खांद्याशी उभी राहून बघत राहिली, शेवटच्या आकड्यापर्यंत.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली, आणि मगच बसली.